एका तंतूतून अनेक संदेश



रेडिओची कळ जराशी फिरवली की एक केंद्र जाते आणि दुसरे लागते. सगळी केंद्रे एकाच आकाशातून येतात, मग ती एकमेकांत मिसळत कशी नाहीत? कारण सोपे आहे. प्रत्येक केंद्राला आपली अशी एक लहर नेमून दिलेली असते आणि आपला संच तेवढीच लहर निवडून घेतो. आज मी ज्या शोधाची हकीकत सांगणार आहे, त्याच्या मुळाशी हीच युक्ती आहे. फरक इतकाच की इथे रेडिओच्या लहरींऐवजी प्रकाशाच्या लहरी आहेत, आणि मोकळ्या आकाशाऐवजी काचेचा बारीक तंतू आहे. प्रत्येक संदेशाला प्रकाशाचा एक वेगळा रंग द्यायचा, सारे रंग एकाच तंतूत सोडायचे आणि पलीकडे ते पुन्हा निवडून वेगळे करायचे. शास्त्रज्ञ याला तरंगलांबीनुसार विभागणी म्हणतात.

ही गरज मात्र फार जुनी आहे. १८४४ साली सॅम्युएल मोर्सने वॉशिंग्टन ते बाल्टिमोर अशी तार सुरू केली. पुढे तारांचे जाळे पसरले, आणि मग लक्षात आले की तार ओढणे हेच खर्चाचे काम आहे. खांब, तांबे, मजूर, सगळेच महाग! तेव्हा आहे त्याच तारेतून जास्त संदेश कसे जातील, याचा विचार सुरू झाला. १८७४ साली एडिसनने एकाच तारेवर एकाच वेळी चार संदेश नेऊन दाखवले, दोन जाणारे आणि दोन येणारे.

त्याच सुमारास अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल वेगळ्या वाटेने चालला होता. तिन्हीसांजेला गुरे परततात तेव्हा दहा घरच्या घंटा एकदम वाजत असतात, तरी आपल्या बैलाची घंटा आपल्याला बरोबर कळते. बेलचा विचार साधारण असाच होता. प्रत्येक संदेशाला निराळा स्वर द्यावा, म्हणजे पलीकडचे यंत्र आपापला स्वर ओळखून घेईल. या खटपटीत असतानाच, १८७५ च्या जूनमध्ये, त्याला तारेतून पट्टीच्या कंपनाचा आवाज ऐकू आला आणि त्यातून पुढच्या वर्षी टेलिफोन जन्मला. म्हणजे टेलिफोन हे, बरे का, एका तारेवर अनेक संदेश नेण्याच्या धडपडीचेच अपत्य आहे.

आता काचेकडे वळू. प्रकाशावर संदेश लादला तर तो तारेतल्या विजेपेक्षा कितीतरी जास्त माहिती वाहू शकतो, हे शास्त्रज्ञ जाणून होते. अडचण होती ती काचेची. आपल्या पंजाबातल्या मोगा गावी जन्मलेले नरिंदरसिंग कपानी यांनी हॅरॉल्ड हॉपकिन्स यांच्याबरोबर लंडनमध्ये काम करून १९५४ साली काचतंतूंच्या जुडीतून चित्र पलीकडे नेता येते, हे दाखवून दिले. पण ही मजल हातभर अंतराची झाली. मैलोन्‌मैल जायचे तर साध्या काचेत प्रकाश वाटेतच विझून जाई. १९६६ साली इंग्लंडमध्ये काम करणाऱ्या चार्ल्स काओ आणि जॉर्ज हॉकहॅम यांनी सांगितले की दोष काचेचा नसून काचेतल्या अशुद्ध द्रव्यांचा आहे. एक किलोमीटरनंतर शंभरातला एक भाग प्रकाश जरी शिल्लक राहिला, तरी काम भागेल. १९७० साली अमेरिकेत कॉर्निंग कंपनीच्या तिघा संशोधकांनी तसा तंतू बनवला. आजच्या चांगल्या तंतूत तेवढाच, म्हणजे शंभरातला एक भाग प्रकाश, एक नव्हे, तर शंभर किलोमीटरनंतर शिल्लक राहतो! काओ यांना २००९ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

मग लगेच अनेक रंग का सोडले नाहीत? सूर्यप्रकाशात रंग असतात आणि ते वेगळे करता येतात, हे तर न्यूटनच्या काळापासून ठाऊक होते. दोन रंगांचे प्रयोग झालेही होते. या प्रश्नाच्या उत्तरातच आजच्या गोष्टीचे मर्म आहे.

काच कितीही शुद्ध असली तरी दूरच्या प्रवासात प्रकाश क्षीण होतोच. १९८८ साली अटलांटिक महासागराच्या तळाशी पहिली प्रकाशवाहिनी टाकली गेली. तिच्या वाटेवर ठराविक अंतरावर यंत्रे बसवावी लागली होती. ती यंत्रे मंदावलेला प्रकाश घेत, त्याची वीज करीत, संदेश नव्याने मांडीत आणि पुन्हा प्रकाश करून पुढे पाठवीत. जुन्या डाकचौकीची कल्पना करा. समजा, प्रत्येक चौकीवर कारकून पत्र फोडतो, वाचतो, त्याची नवी नक्कल करतो आणि ती पुढच्या हरकाऱ्याच्या हाती देतो. एक पत्र असेल तर एक कारकून पुरे. पण सोळा पत्रे एकदम आली तर? प्रत्येक चौकीवर सोळा कारकून हवेत! तंतू वाचला, पण कारकुनांचा पगार वाढला. रंग वाढवण्यात म्हणावा तसा फायदाच नव्हता.

हा पेच सुटला तो एका अपरिचित धातूमुळे. स्वीडनमधल्या इटर्बी नावाच्या खेड्यावरून त्याला अर्बियम हे नाव पडले. मोसांडर या रसायनशास्त्रज्ञाने तो १८४३ सालीच शोधला होता. १९८७ च्या सुमारास इंग्लंडच्या साउदॅम्प्टन विद्यापीठात डेव्हिड पेन यांच्या गटाने, आणि अमेरिकेत बेल प्रयोगशाळेत देस्युर्व्हीर यांनी, काचतंतूत या धातूचा अंश मिसळून पाहिला. अशा तंतूला दुसऱ्या एका लेसरचा प्रकाश पाजला की तो त्यातून जाणाऱ्या मंद प्रकाशाला बळ देतो. विजेत रूपांतर नाही, नक्कल नाही. शिवाय एकच रंग नव्हे, तर त्या पट्ट्यातले सारे रंग एकदम बळावतात. पत्र न फोडता सोळाही हरकाऱ्यांना एकाच पंगतीत भाकरी-पाणी द्यावे आणि पुढे धाडावे, तसे हे झाले. सुदैव असे की अर्बियम ज्या रंगांना बळ देते, नेमक्या त्याच रंगांना काच सर्वांत कमी विझवते.

मग वेळ लागला नाही. १९९६ साली अमेरिकेत सिएना कंपनीची यंत्रे एकाच तंतूतून सोळा रंग नेऊ लागली. आज ऐंशीहून अधिक रंग नेणाऱ्या यंत्रणा रुळल्या आहेत. हे रंग आपल्या डोळ्यांना दिसत नाहीत, ते तांबड्याच्याही पलीकडचे आहेत. शेजारच्या दोन रंगांतला फरक मिलिमीटरच्या दहा लाखाव्या भागाहूनही कमी असू शकतो. शिक्षकांना हे वर्गात समजावायचे असेल तर उन्हात पाण्याची परात ठेवा आणि तिच्यात आरसा तिरपा धरा. भिंतीवर सप्तरंगी पट्टा उमटेल. तंतूच्या टोकावरचे यंत्र हेच काम अतिशय बारकाईने करते. मात्र आरशाचा झोत कोणाच्या डोळ्यांवर जाऊ देऊ नका, आणि तुटलेल्या तंतूच्या टोकात कधीही डोकावू नका. तो न दिसणारा प्रकाशही डोळ्यांना इजा करू शकतो.

हे सगळे परदेशातच राहिले असे समजू नका. देशातल्या ग्रामपंचायतींपर्यंत काचतंतू नेण्याची योजना २०११ साली मंजूर झाली आणि पुढे तिला भारतनेट हे नाव मिळाले. तिच्यात मुख्यतः जी पद्धत वापरली गेली, तिच्यात एकाच तंतूतून एका रंगाने माहिती गावात येते आणि दुसऱ्या रंगाने गावातून जाते. रंग दोनच, पण तत्त्व तेच.

एक गोष्ट मात्र विसरून चालणार नाही. पूर्वी एक तार तुटली तर मोजके संदेश अडत. आता एका तंतूत जितके जास्त भरावे, तितके त्याच्या तुटण्याने जास्त अडते. २००८ च्या जानेवारीत इजिप्तजवळ समुद्रतळाच्या वाहिन्या तुटल्या आणि इकडे भारतात इंटरनेट मंदावले. गावच्या रस्त्याकडेच्या चरातही असाच एक तंतू असेल, आणि त्यावर बँकेचा व्यवहार, सातबाऱ्याचा उतारा, मुलांचा निकाल अवलंबून असेल. तेव्हा विहिरीची पाइपलाइन टाकताना किंवा बांध कोरताना खुणेचा दगड दिसला, तर खोदणारे यंत्र क्षणभर थांबवा आणि आधी पंचायतीत चौकशी करा. एवढे सांगून आपली रजा घेतो.