दगड ओळखायचा कसा? वेर्नर, मोस आणि एक जुना वाद

मागच्या व्याख्यानात आपण द्रव्य आणि गुण यांचा विचार केला. वस्तू म्हणजे तिच्या गुणांची बेरीज, की गुणांपलीकडे ती आणखी काही असते? वर्गात हा प्रश्न काढला की मुलं जांभया देत. पण अठराव्या शतकात, जर्मनीतल्या सॅक्सनीत, हा पोटापाण्याचा प्रश्न होता. फ्रायबर्ग हे तिथलं चांदीच्या खाणींचं गाव. १७६५ मध्ये तिथे खाणविद्येची अकादमी निघाली. हाती आलेल्या दगडात धातू आहे की तो नुसताच दगड, हे खाणीच्या तोंडाशीच कळायला हवं. रासायनिक परीक्षेला भट्टी लागते, आम्लं लागतात, आणि परीक्षा संपेपर्यंत नमुनाच उरत नाही.

अब्राहम वेर्नर या तरुणाने १७७४ साली, जेमतेम पंचविशीत, खनिजांच्या बाह्य लक्षणांवर पुस्तक लिहिलं. रंग, चमक, कस, जडपणा, काठिन्य. इतकंच काय, हाताला जाणवणारा गारवा, वास आणि चवसुद्धा! कस म्हणजे खनिज घासल्यावर उमटणाऱ्या रेघेचा रंग. हा शब्द आपल्याला सोनाराच्या कसोटीमुळे ओळखीचा आहेच. पायराइट सोन्यासारखं पिवळं दिसतं, पण त्याची रेघ हिरवट काळी. हेमॅटाइटचा तुकडा पोलादासारखा काळा असला तरी रेघ तांबडी. म्हणजे वरचा रंग फसवतो, भुकटीचा रंग सहसा फसवत नाही.

वेर्नर सावध माणूस होता. त्याचं म्हणणं असं, की खनिजांची वर्गवारी घटकद्रव्यांवरून करावी, ओळख मात्र बाह्य लक्षणांवरून पटवावी. ‘काय आहे’ आणि ‘कसं ओळखावं’ हे दोन प्रश्न त्याने वेगळे ठेवले. त्याचा शिष्य फ्रीडरिख मोस याने ती सीमारेषा पुसली. वनस्पतिशास्त्रज्ञ फूल जाळून ओळखत नाही, मग खनिजच का जाळायचं? लिनीअसने वनस्पतींची लावली तशी खनिजांची व्यवस्था निव्वळ बाह्य लक्षणांवर लावायची, असा त्याचा आग्रह.

मोस १८१२ मध्ये ऑस्ट्रियात ग्रात्सला प्राध्यापक झाला. त्याच सुमाराची ती प्रसिद्ध काठिन्यश्रेणी: संगजिरे, जिप्सम, कॅल्साइट, फ्ल्युओराइट, अ‍ॅपेटाइट, ऑर्थोक्लेज, क्वार्ट्‌झ (आपली गारगोटी), पुष्कराज, कुरुविंद आणि हिरा. आपलं नख साधारण अडीचवर, चाकूचं पातं साडेपाचच्या आसपास. आता बघा, दगड किती कठीण आहे, हे मोस विचारतच नाही. कोण कोणाला ओरखडा काढतो, एवढंच विचारतो. हे आकडे म्हणजे मापं नव्हेत, रांगेतले क्रमांक आहेत. नऊ आणि दहा यांमधलं अंतर पहिल्या नऊ पायऱ्या मिळून होईल त्याहून मोठं आहे. काठिन्य इथे एकट्या वस्तूचा गुण राहत नाही, दोन वस्तूंमधला संबंध होतो. आपल्या नैयायिकांना यावर वाद घालायला आवडलं असतं.

पाचव्या पायरीवरच्या अ‍ॅपेटाइटचं नाव वेर्नरनेच १७८६ मध्ये ठेवलं, ‘फसवणूक’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून. कारण लोक त्याला भलतंच खनिज समजत. आपल्या बाजारातही पुष्कराज म्हणून बहुधा पिवळा नीलमणी विकतात. तो जातीने कुरुविंद, म्हणजे नववा. खरा पुष्कराज आठवा. ओरखड्याने फरक कळेल, पण अंगठीतल्या खड्यावर ओरखडा कोण काढू देणार?

मोसची व्यवस्था टिकली नाही. स्वीडनच्या बर्झेलियसने घटकांवर आधारलेली वर्गवारी मांडली आणि हळूहळू तिचीच सरशी झाली. अमेरिकन खनिजशास्त्रज्ञ जेम्स डाना याने १८३७ च्या आपल्या ग्रंथात मोसची पद्धत स्वीकारली होती. १८५० च्या तिसऱ्या आवृत्तीत त्याने ती सोडून दिली. तोवर मोसला जाऊन अकरा वर्षं झाली होती.

तरी तो पुरता हरला असं मानायला मी तयार नाही. हिरा म्हणजे निव्वळ कार्बन, हे स्मिथसन टेनंटने १७९७ मध्ये दाखवलं होतं. ग्रॅफाइटही कार्बनच. एक दहावा, दुसरा नखानेही ओरखडला जातो. घटक पाहणाऱ्याच्या लेखी दोघे एकच, आणि बोटांना मात्र फरक कळतो! याचा उलगडा क्ष-किरणांनी केला. ब्रॅग पितापुत्रांनी १९१३ मध्ये हिऱ्यातल्या अणूंची मांडणी शोधली, आणि नुसत्या घटकांनी भागत नाही, त्यांची रचनाही पाहावी लागते, हे स्पष्ट झालं.

भूशास्त्राचे विद्यार्थी आजही दगड पाहायला निघताना चाकू, भिंग आणि कसासाठी बिनझिलईच्या चिनी मातीचा तुकडा बरोबर घेतात. शिवाय सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाची एक छोटी बाटली. कॅल्साइटवर थेंब टाकला की लगेच फसफसतं. वेर्नरने त्यांना काही म्हटलं नसतं. मोसने ती बाटली घरी ठेवून यायला सांगितलं असतं.