आष्टीचा बांध आणि घसरणारी माती

सोलापूर जिल्ह्याच्या इतिहासात दुष्काळ सविस्तर नोंदला गेला. त्या दुष्काळाने उभी केलेली माती मात्र फारशी कुणी वाचलेली नाही. आजचा धागा त्या मातीविषयी.

शहराच्या ईशान्येला अदिला नदीवर १८६६ ते १८७१ या काळात एकरूख तलाव झाला. आपण त्याला हिप्परग्याचा तलाव म्हणतो. त्यानंतर १८७६-७८ चा महादुष्काळ आला आणि मोहोळजवळ आष्टी तलावाचे काम निघाले. मातीचा बांध साडेबारा हजार फुटांहून लांब, सर्वांत खोल जागी ५८ फूट उंच. पोटासाठी आलेल्या माणसांनी ही माती टोपल्यांनी वाहिली.

या बांधाचे दोन उतार सारखे नाहीत. बाहेरच्या अंगाला एक फूट उंचीला दोन फूट पसारा, तर पाण्याकडच्या अंगाला तीन फूट. असे का? तलाव भरलेला असताना पाणीच आतल्या उताराला टेकू देते. उन्हाळ्यात पाणी झपाट्याने उतरले की तो टेकू जातो, पण बांधात मुरलेले पाणी तितक्या लवकर बाहेर पडत नाही. जड, ओली, आधार गमावलेली माती त्या वेळी घसरू पाहते.

तरीही १८८० च्या दशकात आष्टीच्या बांधाला घसरण लागलीच. दोष उताराच्या मापात कमी आणि जमिनीत अधिक होता. दख्खनची काळी माती उन्हात भेगाळते, पावसात फुगते. चुनखडीचे खडे आणि क्षार मिसळलेली चिकणमाती भिजली की तिचा दम सुटतो. वर बांध कितीही नेटका असला तरी खालचा पायाच सरकतो.

अशा घसरणीवर दख्खनच्या अभियंत्यांनी योजलेले उपाय दोन: पायथ्याशी दगडमातीचे वजन टाकणे आणि दगड भरलेले चर काढून पाण्याला वाट देणे. मुंबई इलाख्यातील अभियंता विल्यम स्ट्रेंज यांनी मातीच्या धरणांवरील हा अनुभव १९०४ मध्ये ग्रंथरूपाने मांडला.

आता कालक्रम पाहा. मातीचे घर्षण आणि चिकटपणा यांचा हिशेब कूलोंने १७७३ मध्येच मांडला होता. पण १९१६ मध्ये स्वीडनच्या गोथेनबर्ग बंदरातील धक्का कोसळल्यावरच वर्तुळाकार घसरणीचे गणित रूढ झाले, आणि मातीच्या कणांमधील पाण्याचा दाब तिची ताकद कशी खातो, हे टेर्झाघी यांनी १९२० च्या दशकात उलगडले. या भाषेत पायथ्याचे वजन म्हणजे घसरणीला विरोध करणारे बळ आणि चर म्हणजे तो दाब उतरवण्याची सोय. सिद्धान्त हाती नसताना काढलेली ही उत्तरे मला नुसता योगायोग वाटत नाहीत. घसरलेला बांध डोळसपणे पाहिल्याचे ते फळ आहे.

एखाद्या जुन्या तलावावर गेलात तर माथ्यावरून पाणी पाहून परतू नका. बाहेरच्या पायथ्याशी उतरा. तिथे झिरपणारे पाणी नितळ असेल तर बांध बहुधा ठीक आहे. गढूळ असेल तर ते आतली माती घेऊन येत आहे.