पहिल्या दुधाची उपेक्षा

गाय किंवा म्हैस व्याली म्हणजे वासराला पाजून उरलेल्या चिकाचा खरवस करावयाचा आणि तो शेजारींपाजारीं आवर्जून पाठवावयाचा, ही महाराष्ट्रांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली रीत आहे. परंतु ज्या घरांत खरवसाचें एवढें कौतुक, त्याच घरांत बाळंतिणीचा चीक मात्र पुष्कळदां पिळून टाकला जाई आणि अर्भकाच्या जिभेला पहिला स्पर्श होई तो मधाच्या बोटाचा. ही विसंगति एकट्या महाराष्ट्राची नव्हे. तिचा इतिहास जवळजवळ दोन हजार वर्षांचा असून तो अनेक देशांत पसरलेला आहे.

सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानांत असें सांगितलें आहे कीं, प्रसूतीनंतर तीनचार रात्रींनीं स्तन्य वाहूं लागतें; म्हणून तोंवर बालकाला मध व तूप द्यावें. या हिशेबांत चिकाला दुधाचें स्थानच मिळालें नाहीं. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या आरंभीं रोम येथें वैद्यकी करणारा सोरेनस याहून पुढें गेला. प्रसूतीच्या श्रमानें मातेचें शरीर क्षोभलेलें असतें, त्यामुळें तिचें दूध बहुधा वीस दिवसांपर्यंत अपायकारक असतें व तोंवर मुलाला दाईच्या अंगावर पाजावें, असें त्याचें मत होतें. डॅमास्टिस नांवाच्या वैद्यानें मूल जन्मतांच आईच्या अंगावर घ्यावें असें प्रतिपादिलें होतें. सोरेनसनें त्याचें कडक शब्दांत खंडन केलें. दुर्दैव असें कीं, पुढील शतकांनीं प्रमाण मानला तो खंडन करणारा.

युरोपांत अठराव्या शतकापर्यंत हाच समज प्रचलित होता. नवजात मुलाच्या पोटांतील काळा मळ निघून जावा म्हणून त्याला लोणी, साखर, बदामाचें तेल आणि नाना प्रकारचीं रेचकें देत असत. १७४८ सालीं विल्यम कॅडोगन या इंग्रज डॉक्टरानें लंडनच्या फाउंडलिंग हॉस्पिटल या अनाथ बालकांच्या संस्थेसाठीं बालसंगोपनावर एक लहानसा निबंध लिहिला. हा मळ काढण्याचें काम आईचें पहिलें दूध आपोआप करतें, मग औषधाचें प्रयोजन काय, असा त्याचा रोकडा युक्तिवाद होता. १७७३ सालीं मँचेस्टरच्या चार्ल्स व्हाइटनें मातेचीही बाजू मांडली. दूध साठून स्तन कठीण होतात, दुखूं लागतात व ताप भरतो. मूल लवकर अंगावर घेतल्यास हा त्रास टळतो, असें त्याचें सांगणें होतें.

तरीही चिकांत नेमकें काय असतें, तें उमगावयास आणखी शंभर वर्षें लागलीं. १८९२ सालीं जर्मन शास्त्रज्ञ पॉल एर्लिक यानें एका वनस्पतिज विषाला सरावलेल्या उंदरिणीच्या अंगावर दुसऱ्या, साध्या उंदरिणीचीं पिलें पाजविलीं. त्या पिलांनाही तें विष सोसूं लागलें. संरक्षण दुधांतून मिळतें, हें यावरून सिद्ध झालें. पुढें १९२२ सालीं अमेरिकेंत थिओबाल्ड स्मिथ व राल्फ लिटल यांनीं वासरांवर प्रयोग केले. चीक न मिळालेलीं बहुतेक वासरें जंतुविकारानें दगावलीं. चीक मिळालेलीं जगलीं. मनुष्याच्या मुलाला रक्तांतील बरेंचसें संरक्षण गर्भांतच मिळालेलें असतें, हें खरें. परंतु त्याच्या कोवळ्या आंतड्यांवर रोगप्रतिबंधक द्रव्यांचा पहिला थर चढतो तो आईच्या चिकानेंच.

आज जागतिक आरोग्य संघटना जन्मानंतर एका तासाच्या आंत मूल अंगावर घ्यावें असें सांगते. उलट मधासंबंधीं १९७६ सालीं अमेरिकेंत एक निराळीच गोष्ट उघडकीस येऊं लागली. मधांत क्वचित् असे जंतु असतात कीं, जे तान्ह्या मुलाच्या आंतड्यांत वाढून अंग लुळें पाडणारें विष निर्माण करतात. म्हणून वर्षाच्या आंतील मुलाला मध देऊं नये, असा डॉक्टरांचा सल्ला आहे.

चीक टाकून देणाऱ्या आजीच्या मायेंत उणें कांहींच नव्हतें. पहिल्या दिवशीं येणारा चीक अवघा कांहीं चमचे, दिसावयास पिवळा व चिकट. शुभ्र दुधाची वाट पाहणाऱ्या डोळ्यांना तो टाकाऊ वाटला. पण नवजात मुलाचें पोटही तेवढेंच लहान असतें, आणि तेवढे चमचे त्याला पुरतात. ज्या घरांत अजूनही बाळंतिणीला दूध उतरलें नाहीं म्हणून मधाची वाटी शोधली जाते, त्या घरांत हें कळावयास उशीर होतां कामा नये.