डाव्या हाताची करंगळी
कंपनाचा हातावर काय परिणाम होतो हे गणिताने मांडताना अभियंते हाडामांसाच्या हाताऐवजी वस्तुमान, स्प्रिंग आणि धक्का शोषणारा दट्ट्या यांची एक जोडणी कागदावर काढतात. अशी प्रतिकृती लागतेच, कारण नव्या हत्याराची पारख करायला माणसांची बोटं वर्षानुवर्षं पणाला लावता येत नाहीत. पण या शास्त्राने बराच काळ अख्खा हात ही एकच वस्तू धरली, आणि ती चूक आहे हे कामगारांच्या बोटांनी फार आधी दाखवून दिलं होतं.

अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात बेडफर्ड येथे चुनखडी घडवणारे पाथरवट हवेच्या दाबावर चालणारा हातोडा वापरत. उजव्या मुठीत हातोडा आणि डाव्या हाताच्या बोटांत, दगडाला अगदी लागून, छिन्नी. १९१८ मध्ये डॉ. अ‍ॅलिस हॅमिल्टन यांनी त्यांना तपासलं, तेव्हा सकाळच्या गारठ्यात अनेकांची बोटं मेणासारखी पांढरी आणि बधिर पडत होती. जास्त करून डाव्या हाताची, त्यातही करंगळी आणि तिच्या शेजारची. हा दोष थंडीचा, असं म्हणणं सोपं होतं, आणि थंडीने बोटं पांढरी पडण्याचा झटका येतो हेही खरंच. पण गारठा काही उजवा-डावा पाहत नाही. बोटं पांढरी पडत होती ती छिन्नी धरणाऱ्या हाताची.

पुढे प्रयोगशाळांत मोजमाप झालं, त्यातून या फरकाचं कारण उमगतं. कंपनं संथ असली की खांद्यापर्यंतचा हात हलतो. सेकंदाला शंभराच्या वर गेली की ती तळहात आणि बोटांतच जिरू लागतात. तरीही कंपनाचा धोका मोजण्याच्या आयएसओ ५३४९ या आंतरराष्ट्रीय मानकात सेकंदाला १६ च्या पुढे वारंवारता दुप्पट झाली की कंपनाचं हिशेबातलं वजन निम्मं धरतात. १२५ ला ते जेमतेम एक अष्टमांश उरतं. हा उतार मुख्यतः माणसाला कंपन किती जाणवतं, किती खुपतं, यावरून बेतला गेला. रक्तवाहिनीचा त्यात हिशेब नाही. एकाच मापाने निरनिराळी हत्यारं तोलता आली, धोक्याच्या मर्यादा ठरवता आल्या, हा त्याचा गुण मान्य करायलाच हवा. पण सोय झाली म्हणून बोटाचं दुखणं मोजलं गेलं, असं होत नाही.

१९७८ मध्ये संशोधक पुन्हा बेडफर्डला गेले. दहातल्या सुमारे आठ पाथरवटांची बोटं पांढरी पडत होती. सुरुवातीला सांगितलेल्या हाताच्या यांत्रिक प्रतिकृतींसाठी आयएसओ १००६८ हे वेगळं मानक आहे. त्याच्या १९९८ च्या आवृत्तीत कंपन अजून एकाच ठिकाणाहून हातात शिरत होतं. बोटं आणि तळवा वेगळे धरणारी जोडणी त्यात आली ती २०१२ मध्ये.