देवडी आणि ओसरी

जुन्या वाड्याच्या दिंडीतून पाहुणा आत आला की आधी देवडी लागे. तिथे दोन्ही अंगांना पहारेकऱ्यांचे ओटे असत आणि कोण, कुठले, कुणाकडे काम, ही पुसतपास तिथेच व्हायची. ती पार पडली की चौक ओलांडून ओसरी. तिथे पाय धुवायला पाणी, हातावर गुळाचा खडा, आणि ‘या, बसा’ म्हणणारे कुणीतरी वडीलधारे माणूस. आतल्या कार्याला अजून अवकाश असला तरी पाहुण्याला आपण ताटकळत आहो असे वाटत नसे, कारण ओसरीवर बसणे हाही कार्याचाच भाग होता. दोहोंत अंतर जेमतेम वीस पावलांचे. पण एक जागा घराच्या भयातून बांधलेली आणि दुसरी घराच्या अगत्यातून. गवंड्याने या दोन जागांची गल्लत केल्याचे माझ्या तरी ऐकिवात नाही.

ही गल्लत केली ती एका अगदी नव्या घराने. संगणकाच्या पडद्यावर हल्ली सभा भरतात, वर्ग चालतात, बारशीदेखील होतात. या समारंभांच्या दाराशी जी आभासी लॉबी असते, तिच्याविषयी मी लिहितो आहे. लॉबी या शब्दाचे मूळ मध्ययुगीन लॅटिनमध्ये सापडते. मठातल्या छपराखालच्या वाटेला तो शब्द होता, म्हणजे नात्याने तो आपल्या पडवीचा चुलतभाऊच म्हणायचा. पडद्यावरच्या लॉबीचा इतिहास आता पन्नास वर्षांचा झाला आहे. तो धुंडाळताना एक गोष्ट माझ्या ध्यानी येत गेली. देवडी माणसांनी मुद्दाम, पुन्हा पुन्हा बांधली. ओसरी मात्र जिथे झाली तिथे बहुधा कुणाच्या तरी हातून सहज होऊन गेली.

अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात ‘प्लेटो’ नावाची एक संगणकव्यवस्था होती, विद्यार्थ्यांना धडे देण्यासाठी उभारलेली. १९७३ साली डग ब्राउन याने तिच्यावर ‘टॉकोमॅटिक’ नावाची गप्पांची सोय केली. सहा दालने, आणि प्रत्येकात बोलणारी माणसे पाच. एखाद्याने टंकलेले अक्षर त्याच क्षणी सर्वांच्या पडद्यावर उमटे, त्यामुळे बोलणाऱ्याचे अडखळणे, शब्द खोडून पुन्हा लिहिणे, सारे दिसत असे. याखेरीज कितीही जणांना दालनाबाहेर राहून आतले बोलणे नुसते वाचता येई. मला ही योजना फार शहाणपणाची वाटते. अनोळखी बैठकीत शिरण्यापूर्वी उंबऱ्याशी घटकाभर थांबून आतला रंग पाहावा, हा मनुष्यस्वभाव आहे. पण त्याच टॉकोमॅटिकमध्ये आतल्यांना दालन बंद करून बाहेरच्या सर्वांना घालवून देण्याचीही सोय होती. ओसरी तयार झाली आणि त्याबरोबर कडीही बसली.

इंग्लंडातील एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ याने १९७८ साली ‘मड’ नावाचा, अनेकांनी एकत्र खेळायचा शब्दमय खेळ सुरू केला आणि पुढे रिचर्ड बार्टल याने तो वाढवला. त्यात नवा मनुष्य एका अरुंद रस्त्यावर उभा केला जाई. पुढे काय करायचे ते त्याचे त्याने पाहावे! १९८६ साली लुकासफिल्मच्या ‘हॅबिटॅट’मध्ये पडद्यावर चालत्या-बोलत्या चित्राकृती आल्या. मॉर्निंगस्टार आणि फार्मर या तिच्या कर्त्यांनी त्यांना ‘अवतार’ म्हटले. आपला शब्द सातासमुद्रापलीकडे असा नांदायला गेला. त्याच्याबरोबर आपला पाट-पाणीही गेला असता तर बरे झाले असते.

या साऱ्या इतिहासात माझे मन ज्या घरापाशी रेंगाळते ते मात्र निराळे आहे. कॅलिफोर्नियातील झेरॉक्स कंपनीच्या संशोधनशाळेत काम करणाऱ्या पाव्हेल कर्टिस याने १९९०-९१ च्या सुमारास ‘लॅम्डामू’ नावाचे शब्दांचे घर उघडले. नकाशा त्याच्या स्वतःच्या राहत्या घराचा. या घरात पाहुणा दारातून येतच नसे. तो प्रकट होई कोट ठेवण्याच्या एका अंधाऱ्या, कोंदट कपाटात. आजूबाजूला कोट, बूट आणि झोपी गेलेली माणसे, म्हणजे घर सोडून गेलेल्या सभासदांचे निश्चल देह. चाचपडत दार उघडले की समोर दिवाणखाना. तिथे गप्पांत रंगलेली मंडळी, आणि ऐकलेली वाक्ये भलत्याच वेळी पुन्हा बोलून दाखवणारा एक काकाकुवा. त्याचा उच्छाद फार झाला तर त्याचे तोंड बांधण्याचीही व्यवस्था होती.

अडगळीत उतरवणे हे कसले स्वागत, असे प्रथमदर्शनी वाटेल. मी शिक्षक आहे, म्हणून मला ते पटले. शाळेत नवा आलेला मुलगा पहिल्या दिवशी भिंतीकडेच्या शेवटच्या बाकावर बसतो. त्याला लगेच फळ्याजवळ बोलावू नये. त्याची बावरलेली अवस्था कुणी पाहत नाही एवढे आश्वासन त्याला हवे असते. मग तो आपण होऊन पुढे सरकतो. कपाटाचे दार कधी उघडायचे हे पाहुण्याच्या हाती होते, त्यासाठी कुणाची परवानगी लागत नसे. आणि तो दिवाणखान्यात आला की तो आल्याची ओळ तिथल्या सर्वांच्या पडद्यावर उमटे. पुढचे ‘या, बसा’ माणसांनी म्हणायचे होते, आणि ती म्हणत.

त्या अगत्याची किंमतही त्या घराला मोजावी लागली. १९९३ साली त्याच दिवाणखान्यात एका सभासदाने इतरांच्या, विशेषतः स्त्री-पात्रांच्या, तोंडी व अंगी किळसवाणे प्रकार घातले. ज्युलियन डिबेल या पत्रकाराने ते वृत्त लिहिले आणि ते गाजले. घरच्यांची सभा बसली, वाद झाले, निर्णय काही होईना. शेवटी एका व्यवस्थापकाने आपल्या अधिकारात त्या सभासदाचे नाव पुसून टाकले. पुढे कर्टिसने सभासदांच्या अर्जांवर मतदान घेण्याची पद्धत घालून दिली. लक्षात घेण्याजोगे हे, की यानंतर नियम झाले, तंटे तोडण्याच्या रीती झाल्या, पण पाहुण्यांसाठी असलेले ते कपाट राहिले.

२००३ साली आलेल्या ‘सेकंड लाइफ’मध्ये नवागतांसाठी एक बेटच होते, चालावे कसे, उडावे कसे हे तिथे शिकवत. ती शाळाच होती, तेव्हा तिच्याविषयी मी अधिक बोलत नाही.

मग २०२० साल आले. एरिक युआन यांनी २०११ साली स्थापन केलेल्या झूम कंपनीच्या सभांत २०१९ च्या डिसेंबरात दिवसाला जास्तीत जास्त १ कोटी माणसांची हजेरी लागे. कंपनीच्याच सांगण्यानुसार मार्चमध्ये ती २० कोटींवर गेली. एवढ्या गर्दीत चोरचिलटे शिरणारच. चालू वर्गात कुणी घुसावे, शिव्या द्याव्यात, ओंगळ चित्रे दाखवावीत, असे होऊ लागले. ३० मार्चला अमेरिकेच्या एफ.बी.आय.ने जाहीर इशारा दिला. त्यात मॅसॅच्युसेट्समधील दोन शाळांचे दाखले होते. ५ एप्रिलपासून झूमने फुकट वापरणाऱ्यांसाठी आणि शाळांसाठी ‘वेटिंग रूम’ आपोआप चालू राहील असे केले. सोय आधीचीच होती. आता ती प्रत्येक दाराशी आली.

असे ते दालन जन्माने देवडी. त्यात दोष काहीच नाही. चोर आले म्हणजे पहारा बसवावाच लागतो. पण लोक तिलाच लॉबी समजू लागले आणि ओसरी बांधायची राहून गेली. तिथे थांबलेल्याला बाजूला आणखी कोण थांबले आहे ते दिसत नाही, बोलता येत नाही, आत काही चालले आहे की नाही तेही कळत नाही. समोर फक्त एक वाक्य: यजमान लवकरच आत घेतील.

आमच्या खेड्यातल्या मुलांची यात काय गत झाली ती मी पाहिली आहे. देवडीवर नाव विचारतात, आणि पडद्यावर उमटणारे नाव फोनच्या मालकाचे असते. सातवीतली मुलगी बापाच्या नावाने दाराशी उभी, कुणी मामाच्या, तर कुणी नुसत्या मोबाइल कंपनीच्या नावाने. शिकवणाऱ्याने ते नाव परके म्हणून सोडून दिले की पोर फळीवर टेकवलेल्या त्या फोनपुढे तास संपेपर्यंत बसून राही. तिला हाकललेले नसे; तिला कुणी ओळखलेलेच नसे. आम्ही काही जणांनी मग तासापूर्वी पंधरा मिनिटे दार सताड उघडे ठेवायला सुरुवात केली. कुणाच्या म्हशीला रेडकू झाले, कुणाकडे वीज नाही, अशी बोलणी त्या वेळात होत. आवाजावरून पोर ओळखू येई, आणि मग ती आपणच आपले नाव बदलून लिही. हजेरीत ती पंधरा मिनिटे धरली जात नसत.

ओसरीची उणीव व्यापाऱ्यांनाही कळली होती, हे न्यायाने सांगितले पाहिजे. २०२० सालीच निघालेल्या ‘गॅदर’मध्ये नकाशावर चालत जावे लागे, ज्याच्याजवळ जाल त्याचा आवाज येई आणि दूर सरकाल तसा तो विरत जाई. चार माणसांच्या घोळक्याकडे सहज वळता येणे, हे मला तिथे फार आवडले. २०१९ साली लंडनमध्ये निघालेल्या ‘हॉपिन’ने तर समारंभाची अख्खी वास्तूच मांडली: स्वागतकक्ष, मुख्य मंच, छोटी दालने, प्रदर्शन, आणि अनोळखी दोघांची काही मिनिटे गाठ घालून देणारा एक कक्ष. २०२१ च्या ऑगस्टमध्ये या कंपनीचे मोल ७.७५ अब्ज डॉलर ठरले. पुढे खरी सभागृहे उघडली आणि माणसे तिकडे परतली. २०२३ च्या ऑगस्टमध्ये हा समारंभांचा व्यवसाय दुसऱ्या कंपनीला विकला गेला, तो ५ कोटी डॉलरपर्यंतच्या किमतीला.

लॅम्डामूचे मोल कुणी कधी ठरवले नाही. तिथे राबणारे हौसेने राबत, आणि ते घर उघडल्यानंतर तीस वर्षे उलटून गेली तरी नवा पाहुणा त्याच अंधाऱ्या कपाटात उतरत होता.