खाँसाहेबांच्या तबकड्या ऐकताना

सध्या माझ्या मोबाईलवर तीनच अल्बम आलटून पालटून वाजतात. उस्ताद अब्दुल करीम खाँ, हिराबाई बडोदेकर आणि केसरबाई केरकर यांच्या जुन्या ध्वनिमुद्रिकांची ही संकलनं आहेत. तिन्हींत मागे सतत खरखर ऐकू येते. घरातली तरुण मुलं विचारतात, एवढं जुनं काय ऐकता? तर मी ते गाण्यासाठी ऐकतो आणि त्याहून जास्त इतिहासासाठी.

'तुम्ही मुसलमान असून मराठी इतकं चांगलं कसं बोलता?' हा प्रश्न आपल्यापैकी बहुतेकांनी कधी ना कधी ऐकलेला असतो. विचारणाऱ्याचा हेतू वाईट असतोच असं नाही, पण आपण इथे पाहुणे आहोत हे त्यात गृहीत धरलेलं असतं. असा प्रश्न कानावर आला की मी पहिला अल्बम लावतो.

अब्दुल करीम खाँ यांचा जन्म 1872 चा, उत्तर प्रदेशातल्या कैराना गावचा. किराणा घराण्याचं नाव त्या गावावरूनच पडलं. बडोद्याच्या दरबारातून ते महाराष्ट्रात आले आणि इथलेच झाले. 1913 साली त्यांनी पुण्यात आर्य संगीत विद्यालय चालवायला घेतलं. पुढे मिरजेला घर केलं. तिशीच्या दशकात ओडियन कंपनीने त्यांच्या ज्या तबकड्या काढल्या त्यांत 'चंद्रिका ही जणू' आणि 'उगीच का कांता' ही दोन मराठी नाट्यपदं आहेत. पहिलं 'मानापमान' नाटकातलं, गोविंदराव टेंब्यांनी संगीत दिलेलं.

ही पदं नीट ऐका. खाँसाहेबांचे मराठी उच्चार थोडे वेगळे आहेत, ते लपत नाहीत. सूर मात्र इतका लांब, इतका बारीक आणि इतका खरा आहे की उच्चारांकडे लक्षच राहत नाही. तबकडीच्या एका बाजूला जेमतेम साडेतीन मिनिटं मावत. तासभर राग फुलवणाऱ्या गवयाला ती वेळ म्हणजे शिक्षाच, पण तेवढ्यात त्यांनी मराठी पद असं गायलं की मराठी रसिकांनी ते कायमचं आपलं मानलं. परप्रांतातून आलेला एक मुसलमान गवई इथली भाषा गळ्यात घेतो आणि ही भूमी त्याला 'आमचे खाँसाहेब' म्हणते. मग पिढ्यान् पिढ्या इथेच जन्मलेल्या आपल्याला मराठीचा दाखला कशाला मागायचा?

याच खाँसाहेबांची 'पिया बिन नहीं आवत चैन' ही झिंझोटीतली ठुमरी गदगच्या एका दुकानात वाजत होती आणि ती ऐकून एक शाळकरी पोरगा वेडा झाला, ही गोष्ट प्रसिद्ध आहे. तो पोरगा म्हणजे भीमसेन जोशी. गाणं शिकण्यासाठी त्याने घर सोडलं आणि शेवटी तो खाँसाहेबांच्याच शिष्याकडे, सवाई गंधर्वांकडे पोहोचला. आज पुण्यातल्या सवाई गंधर्व महोत्सवाच्या गर्दीत बसलेल्या किती जणांना हा धागा माहीत असेल?

दुसरा अल्बम हिराबाईंचा. त्या अब्दुल करीम खाँ आणि ताराबाई माने यांच्या कन्या. पुढे ताराबाई मुलांना घेऊन वेगळ्या झाल्या आणि मुलं आईच्या बाजूच्या नावांनी वाढली. अब्दुल रहमानचे सुरेशबाबू माने झाले. नावं बदलली, घर बदललं, पण गाणं बदललं नाही. हिराबाईंना तालीम मिळाली ती भाऊ सुरेशबाबूंची आणि किराण्याच्याच उस्ताद अब्दुल वहीद खाँ यांची. घरंदाज बाईने लोकांसमोर बसून गायचं नाही, असा तो काळ. त्या काळात हिराबाईंनी तिकीट लावून जाहीर मैफली केल्या आणि मान मिळवला. बाप आणि लेक यांचे अल्बम मी मुद्दाम एकापाठोपाठ एक ऐकतो. जे नातं कागदावर पुसट झालं ते सुरांत स्वच्छ ऐकू येतं.

तिसऱ्या अल्बममागचे उस्ताद मात्र आपल्याला ऐकू येतच नाहीत. उस्ताद अल्लादिया खाँ (1855-1946) मूळचे राजस्थानकडचे. तरुणपणी एका संस्थानात अतोनात गावं लागल्यामुळे त्यांचा आवाज बसला. दुसरा कोणी गाणं सोडून देता. खाँसाहेबांनी उरलेल्या आवाजाला साजेशी नवी, अवघड, वळणावळणाची गायकी घडवली. शाहू महाराजांनी त्यांना कोल्हापूर दरबारात मानाची जागा दिली, आणि 1922 साली महाराज गेल्यावर ते मुंबईला आले. भास्करबुवा बखले, मोगूबाई कुर्डीकर आणि केसरबाई हे त्यांचे शिष्य. स्वतः मात्र त्यांनी एकही तबकडी काढली नाही.

म्हणून केसरबाईंना ऐकताना मी दोघांना ऐकत असतो. गोव्यातल्या केरी गावची ही बाई, तिने वर्षानुवर्षं खाँसाहेबांसमोर बसून मेहनत केली. 1977 साली अमेरिकेने व्हॉयेजर यानं अंतराळात सोडली. त्यांवर पृथ्वीची ओळख म्हणून जी सोनेरी तबकडी ठेवली आहे, तिच्यात भारताचं एकच गाणं आहे आणि ते केसरबाईंची भैरवी आहे. यानं सुटल्यावर काही दिवसांतच, 16 सप्टेंबरला, केसरबाई गेल्या. ज्या उस्तादाचा आवाज पृथ्वीवर कुठेच साठवलेला नाही, त्याची तालीम आज ताऱ्यांमधल्या अवकाशात पोहोचली आहे.

आपल्यातल्या काहींना गाण्याचा विषय काढलेलाच आवडत नाही. तो मतभेद शेकडो वर्षांचा आहे, एका लेखात मिटणारा नाही आणि मला तो मिटवायचाही नाही. पण गाणं न ऐकणाऱ्यालाही आपला इतिहास माहीत असायला हवा. आपण सांगितला नाही तर तो आपल्याला वगळून सांगितला जाईल. शाळेतल्या मुलाला भीमसेन जोशी ठाऊक असतात, अब्दुल करीम खाँ नसतात. केसरबाई ठाऊक असल्या तरी अल्लादिया खाँ नसतात. यात दोष मुलाचा नाही.

27 ऑक्टोबर 1937 रोजी अब्दुल करीम खाँ मद्रासहून पाँडिचेरीला निघाले होते. वाटेत तब्येत बिघडली म्हणून सिंगपेरुमल कोइल स्टेशनावर उतरले आणि तिथेच त्यांचं निधन झालं. त्यांना आणलं मात्र मिरजेला. ख्वाजा शमना मीरा यांच्या दर्ग्यात त्यांची कबर आहे. तिथे उरुसात दरवर्षी त्यांच्या स्मरणार्थ संगीतसभा होते आणि सर्व जातिधर्मांचे गायक-वादक तिथे हजेरी लावतात. सतार-तंबोरे बनवणारी शिकलगार कुटुंबंही याच गावातली.

ज्यांना सुरुवात करायची आहे त्यांनी 'चंद्रिका ही जणू' पासून करावी. तीन-साडेतीन मिनिटांचं तर काम आहे. आणि शेजारी मुलं बसली असतील तर त्यांना गाणाऱ्याचं पूर्ण नाव सांगावं, गावासकट.