नोंदीबाहेरचा खेळ

गारगोटी म्हटले की १९४२च्या हुतात्म्यांचे स्मरण होते, किंवा १९५२ साली तेथे उभ्या राहिलेल्या मौनी विद्यापीठाचे. या दोन्हींच्या नोंदी सापडतात. परंतु १९९०नंतर भुदरगडच्या या मुख्य गावात, आणि महाराष्ट्रातील अशा कित्येक तालुक्यांच्या गावांत, मुलांच्या सुट्ट्या ज्या खेळाने व्यापल्या त्याची नोंद कोठे शोधावी, असा प्रश्न आम्हांस पडतो.

अधिकृत इतिहास थोडक्यात सांगता येतो. निन्टेन्डोचे फॅमिकॉम हे यंत्र १९८३ साली जपानमध्ये आले. सेगाचे मेगा ड्राइव्ह शॉ वॉलेस कंपनीने १९९५ साली भारतात आणले. किंमत होती १८,००० रुपये. मायक्रोसॉफ्टचे एक्सबॉक्स ३६० येथे आले ते २००६ साली. एवढ्यावर विसंबले, तर तालुक्याच्या गावी हा खेळ पोचलाच नाही, असा निष्कर्ष निघेल.

प्रत्यक्षात तो पोचला होता, फॅमिकॉमची नक्कल करून बनविलेल्या स्वस्त यंत्रांतून. त्यांना 'कन्सोल' कोणी म्हणत नसे. यंत्र म्हणजे 'व्हिडिओ गेम' आणि त्यात खोचायची प्लॅस्टिकची डबी म्हणजे 'कॅसेट'. टेपरेकॉर्डरने घरात आणलेला शब्द मुलांनी तिलाही लावला. कॅसेटवर हजारो खेळांचा दावा असे. आत मात्र तेच मोजके खेळ नावे बदलून पुन्हा पुन्हा येत. कॅसेट अडली की तिच्यात फुंकर मारायची, आणि कंटाळा आला की मित्राशी अदलाबदल करायची.

साहित्याच्या अभ्यासकास ही स्थिती अपरिचित नाही. छापील ग्रंथांच्या सूचीवरून जात्यावरच्या ओवीचा प्रसार मोजता येत नाही. तसाच विक्रीच्या आकड्यांवरून या खेळाचाही नाही. मात्र हे साम्य फार ताणणे अप्रामाणिकपणाचे होईल. ओवी परंपरेने सर्वांची झाली होती. येथे कर्त्याला मोबदला न देता त्याची कृती विकली गेली. 'सुपर मारिओ ब्रदर्स' या १९८५च्या खेळामागील शिगेरू मियामोतो हे नाव आमच्या वाचनात आले ते पुष्कळ वर्षांनी. ज्याच्या कल्पनेत आमच्या दुपारी गेल्या, त्याचे आम्ही काही देणे लागतो, हे तोवर मनात आले नव्हते.

म्हणून या खेळाचा इतिहास लिहिणाऱ्याने दोन्ही गोष्टी नोंदवाव्यात: खेळणारे किती दूरवर पसरले होते, आणि ते कोणाच्या श्रमावर खेळत होते. त्यासाठी माळ्यावरच्या जुन्या कॅसेट आणि आज तिशी-चाळिशीत असलेल्यांच्या आठवणी, हीच साधने आहेत. ती गोळा करण्याचे काम महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनी आपापल्या गावापासून सुरू करावे.